कठीण विचारा, पण नीट विचारा

पायलटच्या लायसन्ससाठी द्यायच्या लेखी पेपरांवरून सध्या आमच्या बडोद्यात बरीच वादावादी चालते. हरणीला विमानतळ आहे, तिथेच फ्लाइंग क्लब आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्यामुळे दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतूनही आता ‘आमचा सीपीएल करतोय’, ‘हिचा मेटचा पेपर राहिलाय’ अशी वाक्यं सहज कानावर येतात; सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, मेट म्हणजे हवामानशास्त्र. निकाल लागला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पेपर नको इतके कठीण काढतात, मुलं पुन्हा पुन्हा बसतात, आईबापांचे लाखो रुपये अडकून पडतात, तेव्हा परीक्षा जरा सोपी करा. दुसरा तट म्हणतो, दोनशे माणसं पाठीशी बसवून उडणाऱ्याला कठीणच विचारलं पाहिजे; ज्याला प्रश्न समजत नाही त्याला विमान काय समजणार? मी या मुलांना हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशन शिकवते. मला दोन्ही तट एकाच जागी चुकलेले दिसतात. कठीण प्रश्न आणि संदिग्ध प्रश्न यांत दोघांनीही फरकच केलेला नाही.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते. ज्याचे दोन अर्थ निघतात, ज्यात लागणारी माहिती दिलेली नाही, किंवा ज्याची रचनाच उलगडत बसावी लागते, तो प्रश्न कठीण नसतो. तो ज्ञान मोजतच नाही. इतकंच नाही, तर जास्त जाणणाऱ्याला तो पाडतो आणि घोकून आलेल्याला पुढे काढतो. तेव्हा असे प्रश्न पेपरातून काढून टाका, ही मागणी मुलांना सवलत मिळावी म्हणून नाही. कडक परीक्षा हवी असं म्हणणाऱ्यांनी तर ही मागणी सगळ्यांत आधी करायला हवी होती.

उदाहरणं घेऊनच बोलू. पुढचे नमुने मी स्वतः रचले आहेत, कुठल्याही पेपरातून उचललेले नाहीत. पण या परीक्षांना बसलेल्या कोणालाही साचा ओळखू येईल. पहिला प्रश्न स्टॉल स्पीडचा, म्हणजे ज्याहून हळू गेलं तर पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत त्या वेगाचा: ‘उंची वाढली की विमानाचा स्टॉल स्पीड: वाढतो, कमी होतो, तोच राहतो, यांपैकी काही नाही.’ ज्याने काहीच वाचलेलं नाही तो अंदाजाने खूण करील. ज्याने नोट्स पाठ केल्या आहेत तो डोळे मिटून ‘तोच राहतो’ म्हणेल आणि गुण घेऊन जाईल. आता तिसरी मुलगी घ्या, जिला विषय खरोखर समजला आहे. ती थांबते. कारण तिला ठाऊक आहे की यंत्रावर दिसणारा, म्हणजे इंडिकेटेड स्पीड जवळजवळ तोच राहतो. पण वर हवा विरळ असल्यामुळे विमानाचा हवेतला खरा वेग, ट्रू एअरस्पीड, वाढलेला असतो. फार उंचावर गेलं तर हवा दाबली जाण्याचा परिणाम येतो आणि ‘जवळजवळ’ हा शब्दही पुन्हा तपासावा लागतो. प्रश्नाने कुठला वेग विचारलाय? ते लिहिलेलं नाही. ती दोन मिनिटं घालवते, विचारणाऱ्याच्या मनात काय असेल याचा तर्क लढवते, आणि तरीही चुकू शकते. तिघांत सर्वांत जास्त येणाऱ्या मुलीला सर्वांत जास्त धोका. अशा प्रश्नाला कठीण कसं म्हणायचं? ‘इंडिकेटेड’ एवढा एक शब्द घातला असता तर प्रश्न स्वच्छ झाला असता, आणि ज्याला येत नाही त्याला तेव्हाही आला नसता.

दुसरा नमुना आकडेमोडीचा. ‘विमान फ्लाइट लेव्हल ८० वर आहे. क्यूएनएच १००३ हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीपासूनची उंची किती?’ पर्याय: ७७००, ७७३०, ८२७०, ८३०० फूट. फ्लाइट लेव्हल म्हणजे शेकडा फुटांत सांगितलेली उंची, ८० म्हणजे ८००० फूट, आणि ती मोजतात १०१३ च्या प्रमाण दाबावर. क्यूएनएच म्हणजे त्या जागचा, समुद्रसपाटीला आणून हेक्टोपास्कल या एककात सांगितलेला हवेचा प्रत्यक्ष दाब. प्रत्यक्ष दाब १० ने कमी आहे, म्हणजे विमान यंत्र दाखवतं त्याहून खाली आहे. इथवर प्रश्न उत्तम. ज्याने वजाबाकीच्या जागी बेरीज केली तो ८२७० किंवा ८३०० वर जाऊन पडेल, आणि पडायलाच हवा, कारण ही सहाशे फुटांच्या आसपासची चूक आहे आणि तीही जीव घेणाऱ्या बाजूची. पावसाळ्यात ढगातून पावागडावरून जाताना ही चूक करणाऱ्याला मी तरी लायसन्स देणार नाही. पण पुढे काय? एका हेक्टोपास्कलला किती फूट धरायचे? समुद्रसपाटीजवळ हा आकडा २७ च्या आसपास येतो. सोयीसाठी ३० धरण्याची पद्धतही तितकीच रूढ आहे. एका पुस्तकात हा, दुसऱ्यात तो. २७ धरला तर ७७३०, ३० धरला तर ७७००, आणि दोन्ही उत्तरं पर्यायांत हजर. संकल्पना पक्की असलेल्या दोन मुलांपैकी एक पास, एक नापास, आणि दोघांत फरक काय, तर कोणाच्या हाती कुठलं पुस्तक पडलं एवढाच. ‘१ हेक्टोपास्कल = ३० फूट धरा’ अशी एक ओळ प्रश्नाखाली घातली तर प्रश्नाचा कस तसूभरही कमी होत नाही. सहाशे फुटांनी चुकणारा तेव्हाही पडतोच.

एककं आणि गुणक गृहीत धरून चालण्याची किंमत विमान वाहतुकीला चांगली ठाऊक आहे. १९८३ च्या जुलैत कॅनडात एका बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना लिटरचं वजन काढायला पाउंडाचा गुणक वापरला गेला आणि आकडा मात्र किलोग्रॅमचा समजला गेला. इंधन निम्म्याहूनही कमी भरलं गेलं, ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडली, आणि वैमानिकाच्या कौशल्यामुळे ते विमान तरंगत तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरलं म्हणून सगळे वाचले. त्यातून शिकलेला धडा असा की आकडा आला की त्याचं एकक आणि गुणक सोबत आलंच पाहिजे. मग हाच धडा ज्या परीक्षेत शिकवायचा तिच्यातच गुणक गाळलेला प्रश्न का खपवून घ्यायचा?

आता दुसऱ्या तटाचं जे म्हणणं सर्वांत वजनदार आहे ते बघू. ते असं: आकाशात प्रश्न नीट मांडून येत नाहीत. कंट्रोलरचं बोलणं अर्धवट ऐकू येतं, सूचनापत्रं किचकट भाषेत असतात, हवामानाचा अहवाल सांकेतिक असतो. गोंधळातून अर्थ काढणं हेच वैमानिकाचं काम, तर परीक्षेत थोडा गोंधळ असला म्हणून बिघडलं कुठे? हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. सांकेतिक अहवाल वाचता आला पाहिजे, भरमसाट माहितीतून कामाची वेचता आली पाहिजे, आणि हे परीक्षेत जरूर तपासावं. पण संदिग्ध सूचना आली की वैमानिकाने काय करायचं असतं? अंदाज बांधायचा नसतो. विचारायचं असतं. ‘से अगेन’, ‘कन्फर्म’ हे शब्द पहिल्या काही तासांतच तोंडात बसवतात ते त्यासाठीच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकांच्या इंग्रजीची जी पातळी ठरवली आहे, तिच्या सहा कसोट्यांपैकी एक संवादाची आहे, आणि गैरसमज झालासा वाटला तर तपासून, खात्री करून, स्पष्ट करून घेता येणं हे त्या कसोटीत स्पष्ट लिहिलेलं आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र विचारायची सोय नसते. समोरच्या पडद्यावर दोन अर्थांचा प्रश्न, हाताशी घड्याळ, आणि मार्ग एकच: लिहिणाऱ्याच्या मनातलं ओळखा आणि ठोका. कॉकपिटमध्ये जी सवय घातक, तिचाच सराव आपण लायसन्स देण्याआधी पेपरामागून पेपर करून घेतो.

स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच २७ मार्च १९७७ रोजी दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली, ती अशाच अंदाजापायी. धुकं होतं. एका विमानाच्या सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितलं त्याचे दोन अर्थ होत होते: आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत, किंवा आम्ही उड्डाण सुरू केलं आहे. कंट्रोलरने पहिला अर्थ घेतला. त्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही की काय, असं त्याने विचारलंही. कॅप्टनने ती शंका झटकून टाकली. त्यानंतर जगाने काय केलं? वैमानिकांना संदिग्ध बोलणं उलगडण्याचं शिक्षण दिलं का? नाही. बोलण्याची पद्धतच बदलली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असं ठरलं. जोडीला, कॉकपिटमधल्या कनिष्ठाने शंका काढली तर ती ऐकून घ्यायची, हे शिकवणारं प्रशिक्षण पुढे जगभर रुजलं.

सूचनापत्रांच्या किचकटपणाचा दाखला देणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोची घटनाही लक्षात घ्यावी. ७ जुलै २०१७ च्या रात्री एक एअरबस विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेच्या, म्हणजे विमानांच्या जमिनीवरून ये-जा करण्याच्या वाटेच्या, रेषेत उतरायला निघालं. टॅक्सीवेवर चार विमानं प्रवासी भरून रांगेत उभी होती. साठेक फुटांवर येऊन ते पुन्हा वर गेलं. शेजारची धावपट्टी त्या रात्री बंद होती, आणि ही सूचना वैमानिकांना दिलेल्या २७ पानांच्या कागदांत ८ व्या पानावर होती. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने वैमानिकांच्या चुका दाखवल्याच, पण अशी कळीची सूचना अशा तऱ्हेने पुरून ठेवली तर ती निसटणारच, हेही नोंदवलं, आणि सूचना देण्याची पद्धत सुधारा असं बजावलं. वाचणाऱ्याने जास्त डोळे फाडून वाचावं एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. व्यवहारातला गोंधळ ज्या क्षेत्राने दोष मानून दुरुस्त करायला घेतला, त्याच क्षेत्राच्या परीक्षेत तो गुण कसा ठरेल?

इंग्रजीचा मुद्दा इथे येतोच. बडोद्याच्या मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्या मुलांना भाषेमुळे जास्त जड जातं, हे मी रोज बघते. त्यावर दुसरा तट म्हणतो की वैमानिकाला इंग्रजी यायलाच हवं, आणि मी ते शंभर टक्के मान्य करते. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं जम्बो आणि कझाकस्तानचं इल्युशिन हवेत धडकून ३४९ जण मेले, एकही वाचला नाही. एकाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, दुसऱ्याला १५,००० वर. वरचं, म्हणजे कझाक विमान खाली आलं. त्या विमानातल्यांचं इंग्रजी कच्चं होतं आणि रेडिओवर बोलणारा वेगळा होता, हे चौकशीत पुढे आलं. वैमानिकांसाठी इंग्रजीची किमान पातळी जगभर सक्तीची झाली त्यामागे या अपघाताचाही हात आहे. तेव्हा परीक्षा मराठीत घ्या, गुजरातीत घ्या असं मी म्हणणार नाही.

पण कोणतं इंग्रजी? विमान उद्योगाने याही प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलेलं आहे. विमानाची देखभाल करणारे मेकॅनिक जगभर पसरलेले, बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, आणि मॅन्युअल सगळी इंग्रजीत. म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ मध्ये मॅन्युअल लिहिण्यासाठी सोप्या, नियंत्रित इंग्रजीचे नियम काढले. एका शब्दाला एकच अर्थ. कृती सांगणाऱ्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द. कर्त्याने काय करायचं ते सरळ सांगायचं. ते नियम आजही सुधारत सुधारत वापरात आहेत. विमानाचा नट किती आवळायचा हे सांगताना आपण इतकी काळजी घेतो, आणि तेच विमान उडवणाऱ्याची परीक्षा घेताना ‘पुढीलपैकी कोणती परिस्थिती अपवाद नसलेल्या परिस्थितींमध्ये मोडत नाही’ अशा थाटाची दुहेरी नकाराची वाक्यं चालवून घेतो. समोरासमोर आलेल्या दोन विमानांनी आपापल्या उजवीकडे वळायचं, हा नियम मुलाला येतो की नाही हे त्या वाक्यातून कळत नाही. नकारांची बेरीज-वजाबाकी येते की नाही, एवढंच कळतं.

एक गोष्ट मी पहिल्या तटालाही सांगते, आणि ती त्यांना आवडत नाही. नापास झालेला पेपरालाच दोष देतो. ‘प्रश्न ट्विस्ट केला होता’ म्हणून जे माझ्याकडे येतं त्यातलं पुष्कळसं तपासलं तर प्रश्न सरळ असतो, अभ्यासच कच्चा असतो. वर दिलेल्या उदाहरणात ८३०० ला खूण करून आलेला मुलगाही प्रश्न फसवा होता असंच म्हणतो. तो फसवा नव्हता, खरा होता. आणि परीक्षा ढिली झाली तर काय होतं याची धास्ती उगाच नाही. २०११ साली आपल्याच देशात खोट्या गुणपत्रिका दाखवून लायसन्स मिळवलेले वैमानिक पकडले गेले. जे पेपर त्यांना सुटले नव्हते ते कागदावर सुटलेले दाखवून ते कॉकपिटमध्ये बसले होते. पेपर किती का कठीण असेना, याला माफी नाही. त्या प्रकरणाची आठवण काढून कोणी कडक परीक्षा मागत असेल तर मी त्याच्या बाजूची आहे. म्हणूनच म्हणते, ‘परीक्षा सोपी करा’ ही घोषणा सोडा. तिने खरी तक्रार खोट्या तक्रारींच्या ढिगाखाली गाडली जाते, आणि परीक्षा घेणाऱ्यांना सगळ्यांनाच रडे म्हणून वाटेला लावता येतं.

आणखी एक युक्तिवाद माझ्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी नेहमी करतात, आणि तो मला बराच काळ अडवून होता. पास व्हायला सत्तर टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शंभरात चार-पाच प्रश्न खराब निघाले तरी तीस गुणांची मोकळीक आहेच. चांगला विद्यार्थी त्यातूनही पार होतो. गणित म्हणून हे खरं आहे. नव्वद मिळवणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण परीक्षेचा निर्णय लागतो तो नव्वदपाशी नाही, तीसपाशीही नाही. तो लागतो अडुसष्ट ते बहात्तरच्या पट्ट्यात, आणि तिथे दोन खराब प्रश्न म्हणजे सगळा निकाल. मुळात ती तीस गुणांची मोकळीक कोणासाठी ठेवली आहे? शिकणाऱ्याला सगळंच येणार नाही, म्हणून. प्रश्न काढणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा खर्च त्या खात्यातून का भागवायचा?

लिहिणाऱ्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर, हे तत्त्व काही मी आज काढलेलं नाही. करारातल्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर ते कलम ज्याने लिहिलं त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा, असं न्यायालयं विम्याच्या कज्ज्यांत सांगत आली आहेत. परीक्षांबद्दल तर सर्वोच्च न्यायालय १९८३ मध्येच बोललं. यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. कानपूर विद्यापीठाने घेतलेल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या काही उत्तरांवरून खटला होता. उत्तरसूची बरोबर आहे असं धरूनच चालावं, पण ती उघडउघड चुकीची असल्याचं दाखवून दिलं तर विद्यार्थ्याला त्याची शिक्षा देता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत प्रश्न निःसंदिग्ध असलेच पाहिजेत, आणि संशयास्पद प्रश्न लक्षात आणून दिला तर तो वेळेवर वगळावा, अशीही सूचना केली. चाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ या परीक्षेतल्या अणूवरच्या एकाच प्रश्नावरून प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुन्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्याप्रमाणे दुसरं, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी दोन्हींना गुण दिलेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांकडून अहवाल मागवला, एकच उत्तर बरोबर ठरलं, निकाल पुन्हा लावला गेला. माझ्या २७ आणि ३० फुटांच्या भांडणाची ही जुळी बहीणच आहे.

फरक आहे तो एवढाच की नीटचा पेपर मुलांच्या हातात होता. कोणीही तो उघडून बघू शकत होतं, म्हणून वाद तडीला गेला. पायलटच्या परीक्षेत प्रश्न पडद्यावर येतो, खूण केली की जातो. बाहेर पडताना मुलाजवळ उरते ती आठवण. युरोपातही मध्यवर्ती प्रश्नपेढी गुप्तच ठेवतात. याचं कारण खोटं नाही. एकदा केलेले चांगले प्रश्न पुन्हा वापरायचे असतात, ते उघड केले तर पोरं उत्तरं पाठ करतात. अमेरिकेत एकेकाळी सगळी प्रश्नपेढी छापलेली मिळायची आणि तेच झालं. मान्य. पण गुप्ततेने घोकंपट्टी थांबली का? आज कुठल्याही ग्राउंड क्लासजवळ जाऊन बघा. परीक्षेतून बाहेर आलेल्यांनी आठवून आठवून जमवलेले प्रश्नसंच हातोहात फिरतात, युरोपातली मुलंही विकतचे प्रश्नसंच सोडवूनच परीक्षेला बसतात. आणि या गुप्त पेढ्यांवर सर्वांत जास्त पोसला जातो तो संदिग्ध प्रश्नच. स्वच्छ प्रश्नाचं उत्तर विषय समजला की देता येतं, तो कोणी पाठ करत बसत नाही. ‘याचं उत्तर ते लोक असं धरतात’ हे पाठ करावं लागतं फक्त दोन अर्थांच्या प्रश्नाचं. हुशार मुलगी माझ्यापाशी येऊन जेव्हा ‘मॅम, खरं उत्तर काय ते नको, ते काय धरतात ते सांगा’ असं म्हणते, तेव्हा मला वाईट वाटतं ते तिच्याबद्दल नाही. उद्या हीच मुलगी चेकलिस्ट वाचताना खरं काय आहे हे शोधणार, की समोरच्याला काय ऐकायचंय हे?

गुप्तता न मोडताही खराब प्रश्न हुडकता येतात. शिक्षणशास्त्रात ही पद्धत फार जुनी आहे. पेपर तपासून झाला की एकूण गुणांप्रमाणे मुलांचे गट करायचे, आणि प्रत्येक प्रश्नाला वरच्या गटातल्या किती जणांनी बरोबर उत्तर दिलं, खालच्या गटातल्या किती जणांनी, ते बघायचं. चांगल्या कठीण प्रश्नाला वरचा गट पुढे असतो. जिथे वरचा गट मागे पडतो आणि खालचा पुढे जातो, तिथे मुलं चुकलेली नसतात, प्रश्न चुकलेला असतो. माझा स्टॉल स्पीडचा नमुना असा पहिल्याच चाळणीत सापडेल. परीक्षा संगणकावर होते, प्रत्येक खूण नोंदलेली असते. हे गणित करायला एक दुपार पुरे. अमेरिकेत २०१६ पासून वैमानिकाला काय आलं पाहिजे याची तपशीलवार, क्रमांक घातलेली यादी जाहीर आहे. लेखी परीक्षेचा निकाल हातात पडतो तेव्हा कुठल्या मुद्द्यावर उत्तर चुकलं त्याचा क्रमांक त्यावर छापलेला असतो. प्रश्न गुप्त राहतो, मुलाला आपली उणीव कळते, आणि एकाच क्रमांकावर शहाणी मुलं सतत अडखळू लागली तर परीक्षा घेणाऱ्यालाही काहीतरी कळतं.

बडोद्यात बसून हे लिहिताना सयाजीराव महाराज आठवतात. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांतले नेमके प्रतिशब्द देणारा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध करवला. दरबारचा कागद वाचणाऱ्याला नीट कळावा ही दरबारची जबाबदारी, असं मानणारं ते राज्य होतं. आज या परीक्षा घेणाऱ्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, हाती १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला नवा वायुयान कायदा आहे, आणि रेडिओची जी परीक्षा आधी दूरसंचार खात्याकडे होती तीही आता विमान वाहतुकीच्या छत्राखाली आली आहे. सगळे पेपर एका हाती येत असतील तर प्रश्न लिहिण्याचे नियमही एकदाच, सगळ्यांसाठी ठरवायला याहून चांगली वेळ कुठली? वेग विचारला तर कुठला वेग ते लिहा. गुणक लागत असेल तर तो द्या. वाऱ्याची दिशा दिली तर ती खऱ्या उत्तरेपासून मोजलेली की चुंबकीय उत्तरेपासून, ते सांगा. आपल्या भागात दोन्हींत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक म्हणून हे खपून जातं, पण ही मुलं फक्त बडोद्यावर उडणार नाहीत. दुहेरी नकार नको. आणि प्रश्न पेढीत जाण्याआधी तो न लिहिलेल्या दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे सोडवून बघावा. दोघांची उत्तरं वेगळी आली तर तो परत.

हे होईपर्यंत माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांना मी कोरा कागद देते आणि तिथेच बसवते. ‘पेपर टफ होता’ हे लिहायचं नाही. प्रश्नात कोणती माहिती कमी होती ते लिही. कोणते दोन पर्याय बरोबर ठरतात ते लिही. प्रत्येकासाठी कुठल्या पुस्तकाचं कुठलं पान ते लिही. त्या टेबलाशी बऱ्याच तक्रारी विरघळून जातात, मुलगा मुकाट्याने पुस्तक उघडतो. जी उरते ती तक्रार मात्र पक्की असते, तीन-चार ओळींची, कोणीही तपासून बघावी अशी. तशी ओळ परीक्षा घेणाऱ्याकडे पोचली तर ठरलेल्या मुदतीत तिला कारणांसह लेखी उत्तर मिळावं, आणि प्रश्न खराब ठरला तर तो त्या एका मुलाच्याच नाही, त्या दिवशी तो सोडवणाऱ्या सगळ्यांच्या पेपरातून वगळला जावा. कडक परीक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा याला विरोध का असावा, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.